नापास सीट

डबलमावशीने नोकरी सोडली ती एका शब्दावरून, आणि शब्दही असा की त्यावरून शहाणं माणूस हातातला चहाचा कपसुद्धा खाली ठेवणार नाही. शब्द होता 'तिरकं'.

बस कंपनीच्या कारखान्यात सीटा शिवायची एक लांबट खोली होती. तिथे सहा शिलाई मशिनं, रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि छताला टेकलेला फोमचा ढीग. खिडकीजवळचं मशीन मावशीचं. प्रत्येक शिवण ती दोनदा मारायची म्हणून तिला डबलमावशी म्हणत. एकेरी टाक्यावर तिचा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर एकेरी कशावरच नव्हता. दाराला कुलूप लावून चार पावलं गेली की परत येऊन ते ओढून बघायची. नवऱ्याने लग्नाला होकार दिला तेव्हासुद्धा "नक्की ना?" असं विचारून तिने त्याच्याकडून दुसऱ्यांदा हो म्हणवून घेतलं होतं. बिचाऱ्याने तिसऱ्यांदाही म्हटलं, उगाच भानगड नको म्हणून.

त्या खोलीचे फोरमन म्हणजे तिरकेसाहेब. हे त्यांचं आडनाव नव्हे, कामगारांनी केलेलं बारसं. साहेब कशाकडेही बघत आणि मान कलती करून म्हणत, "तिरकं आहे." शिवण तिरकी, भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं, एखाद्याचा भांगही तिरका. इतर माणसं 'बरं' म्हणतात तसं ते 'तिरकं' म्हणत. बाकीचे पाच जण या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत. पण एके दिवशी त्यांनी भर खोलीत मावशीच्या शिवणीला तिरकं म्हटलं आणि मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ वर्षांत तिची एक सीट उसवून परत आली नव्हती. तिने आपला चौदा नंबरचा शिक्का उचलला, साहेबांच्या टेबलावर आपटला, राजीनामा लिहिला आणि तोही दोन प्रतींत.

हा शिक्का काय, ते सांगायला हवं. प्रत्येक कारागिराला पितळी नंबर असायचा. सीट शिवून झाली की उलटी करायची, खालच्या लाकडी फळीवर आपला नंबर ठोकायचा. मग फोरमन तपासणार, बाजूला तारीख, शेरा आणि सही करणार. सहा महिन्यांत शिवण उसवली तर नंबर बघून त्याच कारागिराच्या पुढ्यात ती सीट येऊन पडायची. नोकरी सोडताना शिक्का परत करावा लागे, नोकरीत नसलेल्या माणसाच्या हाती तो कधी दिला जात नसे.

नोकरी सोडून मावशीने धाकट्या दिरासोबत गाद्या-उशांचं दुकान काढलं. उशा अशा शिवल्या की बघत राहावं. तिथेच घोडं पेंड खायला लागलं. डबल टाक्याची उशी फाटेना, आणि उशी फाटल्याशिवाय गिऱ्हाईक परत येईना. सगळ्या गल्लीला एकेकदा उशी विकून झाल्यावर दीर आणि वहिनी दुकानात समोरासमोर बसून एकमेकांचं तोंड बघू लागले. वर्ष भरत आलं तेव्हा कारखान्यातून निरोप आला, परत या. ती गेली. पुढे एकोणीस वर्षं त्याच खिडकीजवळ त्याच मशीनवर बसली. तिरकेसाहेब मधेच कधीतरी निवृत्त झाले, त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमाला ती गेली नाही. तोवरही बोलणं कामापुरतं, तेही दात-ओठ खाऊन.

आता तिची स्वतःची निवृत्ती बावीस दिवसांवर आली होती, आणि पेन्शनच्या खिडकीमागचा कारकून तिच्या फाइलकडे बघून नाक पुसत होता. तरुण, सज्जन आणि कायम सर्दी झालेला मुलगा.

"मावशी, नियम असा आहे," तो म्हणाला. "नोकरी सोडली आणि एका वर्षाच्या आत परत रुजू झालं, आणि मधे फंड काढला नाही, तर मागची वर्षं पुढच्या वर्षांना जोडतात. वर्ष उलटलं की मागची गेली. पेन्शनला किमान वीस वर्षं लागतात."

"मग माझी नऊ आणि एकोणीस. अठ्ठावीस झाली."

"जोडली तर. फंड तुम्ही काढला नव्हता, ते फार बरं केलंत."

त्यात शहाणपण काही नव्हतं. फंड काढायच्या अर्जावर तिरकेसाहेबांची सही लागत होती आणि मावशीला त्यांचं तोंड बघायचं नव्हतं, म्हणून तो राहिला. रागाने माणसाचं भलं होतं ते असं कधीमधी.

"पण तुम्ही सोडली सतरा सप्टेंबरला," कारकून पुढे म्हणाला, "आणि परत घेतल्याचा आदेश आहे पुढच्या वर्षीच्या तीन ऑक्टोबरचा. सोळा दिवस जास्त झाले."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. नऊ गेली तर उरली एकोणीस. वीसला एक कमी. म्हणजे हातात एकदाच काय ती रक्कम मिळणार आणि महिन्याचं पेन्शन जन्मभर नाही. घरात नवरा, चष्म्याच्या काचा घासून घासून स्वतःचेच डोळे अधू झालेला. त्या पेन्शनवर त्यांच्या म्हातारपणाची सगळी मांडणी होती.

"अरे, आदेश नंतर निघाला. मोठ्या साहेबांची सही व्हायला वेळ लागला. मी आधीच कामाला लागले होते, रोजच्या चिठ्ठीवर."

"चिठ्ठ्या वाळवीने खाल्ल्या, मावशी. दुसरं काही लेखी आहे?"

तेव्हा मावशीला तो रविवार आठवला. खरं तर ती तो विसरलीच नव्हती, रोज एकदा मनात शिव्या घालायला काढायची. साहेबांनी तिला सुट्टीच्या दिवशी बोलावलं होतं. कारखाना सुनसान, साहेब एकटेच. त्यांनी शिक्का हातात दिला आणि म्हणाले, एक सीट शिवा. बसची घाई नाही, काही नाही, नुसती एक सुटी सीट. तिने शिवली, शिक्का ठोकला. साहेबांनी ती उलटी केली, मान कलती केली आणि फळीवर शेरा लिहिला: नापास. तिच्या आयुष्यातला पहिला आणि शेवटचा नापास. पुन्हा करायला सांगितलं, ती नाही म्हणाली. साहेब म्हणाले, "बरं. उद्या आठला या." तारीख काय होती ते तिला आठवत नव्हतं. सप्टेंबर होता एवढं नक्की.

"रविवारी एक सीट शिवली होती," ती कारकुनाला म्हणाली. "फळीवर माझा नंबर आणि साहेबांची तारीख असणार." नापासाचं मात्र तिने गिळलं. एवढ्याशा पोरापुढे कशाला अब्रू काढून घ्यायची?

कारकुनाचा चेहरा उजळला. "फोरमनची सही म्हणजे हजेरीच. ती फळी आणा, मी तारीख बदलून देतो. पण वीस तारखेच्या आत. आणि त्या वेळच्या बसगाड्या तर कधीच भंगारात गेल्या."

"सीटा कुठे गेल्या?"

"लिलावात. ज्याने घेतल्या त्याने."

मावशी घरी आली ती थेट वन्संकडे, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीकडे. वन्सं याच कंपनीत तीस वर्षं कंडक्टर होत्या. देह चांगला भरभक्कम, आवाज त्याहून भक्कम, आणि निवृत्त होताना सगळं परत केलं पण शिट्टी तेवढी दिली नव्हती. कुठल्या दुकानात कुठल्या गाडीची सीट गेली ते त्यांना तोंडपाठ होतं.

"रडतेस काय?" वन्सं म्हणाल्या. "गावात असतील वीस-पंचवीस. सगळ्या उलट्या करू."

"माणसं बसलेली असतील त्यांच्यावर."

"माणसं उठवायचीच तर मी तीस वर्षं पगार घेतला."

दुसऱ्या दिवसापासून गावाने जे पाहिलं ते गाव अजून सांगतं. पहिली धाड केशकर्तनालयावर. भिंतीला लागून बसची तीन आसनी सीट, तिच्यावर तीन गिऱ्हाइकं वर्तमानपत्राची पानं वाटून घेऊन बसलेली. वन्संनी दारातच शिट्टी फुंकली. "चला, उठा, पुढे सरका, पुढे जागा आहे." तिघंही उठली आणि गुमान पुढे सरकली. अर्ध्या दाढीचा एक गृहस्थ तर खुर्चीतून उठून रस्त्यावर जाऊन उभा राहिला, तिकीट नसल्यासारखा. मावशीने सीट उलटी केली. चौदा नंबर होता, पण तारीख सात वर्षांपूर्वीची.

"नाही ही," ती म्हणाली. मग शिवणीवरून बोट फिरवून बघितलं. "सात वर्षं झाली, दोरा जागचा हललेला नाही."

"आमचं गिऱ्हाईक हललं त्याचं काय?" न्हावी म्हणाला.

तिथून लाँड्री. तिथून दाताच्या डॉक्टरांची बाहेरची खोली. तिथे सुजल्या गालाचा एक माणूस सीट सोडायला तयार होईना, तेव्हा वन्संनी त्याला सीटसकट तिरपा केला आणि मावशीने खाली वाकून वाचलं. दोघी बाहेर आल्या त्या भिंतीला धरून, हसून हसून पोट दुखायला लागलं होतं. पेन्शन जायची वेळ आली आणि आपण हसतोय, याचंच मावशीला परत हसू यायचं. अशी ती कधी हसली नव्हती. हसण्याच्या बाबतीतही तिचं एकदा खात्री करून मगच असायचं.

आठव्या दिवशी त्या एका फोटो स्टुडिओत शिरल्या. पडद्यासमोर बसची जुनी सीट, तिच्यावर एक कुटुंब नटून-थटून बसलेलं, फोटोग्राफर म्हणतोय, "हलू नका." मागून शिट्टी वाजली. कुटुंब असं उडालं की फोटोत पाचही जण अधांतरी आले. मावशीने सीट उलटी केली. चौदा नंबर. साहेबांचं कोरीव अक्षर. साल बरोबर, महिना सप्टेंबर.

"तारीख वाच," वन्सं म्हणाल्या.

"पंचवीस."

पंचवीस सप्टेंबर. आठ दिवस जास्त. त्याचाही उपयोग शून्य. मावशी मटकन त्याच सीटवर बसली. फोटोग्राफरने तिला पाणी दिलं आणि, माणूस धंद्याचा पक्का, दोघींचा एक फोटोही काढला.

वीस तारीख उजाडली तेव्हा गावातली एक सीट उलटी करायची राहिली नव्हती. तेवीस सीटा झाल्या होत्या, त्यांतल्या सहा मावशीच्या, सहाही साबूत, आणि एकीवरही हवी ती तारीख नाही. दोघी पेन्शनच्या खिडकीपाशी गेल्या. कारकुनापुढे चारजण होते. मावशी बाकावर बसली. वन्संनी पहिल्यांदाच शिट्टी खिशात ठेवली.

"मिळाली नाही तर नाही," वन्सं हळू आवाजात म्हणाल्या. वन्संचा हळू आवाज म्हणजे तीन खोल्यांपलीकडे जाणारा. "माझं पेन्शन आहे. तिघं खाऊ. भांडत खाऊ."

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून ती खाली बघत राहिली आणि चाळा म्हणून बाकाच्या कडेवरून बोट फिरवू लागली. रेक्झिन, मग गोट, गोटाच्या शेजारी टाका. टाक्याच्या शेजारी आणखी एक टाका.

तिने बोट मागे नेलं आणि परत पुढे आणलं. खात्री दोनदा करायची सवय.

"वन्सं," ती म्हणाली, "उठा."

"का?"

"मी कशावर बसलेय?"

गेले एकोणीस दिवस ती इथे फेऱ्या मारत होती आणि दर वेळी याच बाकावर टेकत होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारे पेन्शनर झोपले होते. वन्संनी शिट्टी काढली आणि अशी फुंकली की म्हातारे उठून झोपेतच दाराकडे चालू लागले, त्यांना वाटलं स्टॉप आला. दोघींनी बाक उलटा केला. चौकटीत बसवलेली बसची सीट, खाली फळी, फळीवर चौदा, आणि शेजारी शाईची पेन्सिल ओली करून लिहिलेलं, काल लिहिल्यासारखं: 'शिवण तिरकी. नापास. पुन्हा करणे.' खाली सही. त्याखाली तारीख, सतरा सप्टेंबर.

कारकून खिडकीतून अर्धा बाहेर आला. त्याने वाचलं, कॅलेंडरवर हिशेब केला, परत वाचलं.

"वर्षाचा शेवटचा दिवस," तो म्हणाला. "सतरालाच सोडली, सतरालाच रुजू. आत आहात मावशी. एका दिवसाने आत आहात."

वन्संनी त्याला खिडकीतून उरलेला अर्धा ओढून काढला आणि मिठी मारली. तो शिंकला.

"पण मावशी," सुटका झाल्यावर तो म्हणाला, "नापास होती हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? नापास सीट रस्त्यावर न्यायची नाही, असा नियमच आहे. त्या सगळ्या ऑफिसात वापरतात. इथे तशी ही एकच तर आहे. मी पहिल्याच मिनिटाला म्हटलं असतं की तुम्ही बसलाय तीच."

"काखेत कळसा," वन्सं म्हणाल्या, "आणि गावाला एकोणीस दिवस वळसा. गावाची दाढी अर्धी राहिली तुझ्या अब्रूपायी."

मावशीला हे ऐकूच गेलं नाही. तिने गळ्यातली मोजपट्टी काढली होती, ती तिच्या गळ्यात कायमच असायची, आणि उलट्या बाकाशेजारी फरशीवर गुडघे टेकून ती शिवण मोजत होती. डावीकडे कडेपासून दोन बोटं. मधे दोन बोटं. उजवीकडे दोन बोटं. परत मोजलं. सुतासारखी सरळ.

ती तशीच फरशीवर बसून राहिली. त्या रविवारी कसली घाई नव्हती. घाई होती ती तारखेची. साहेबांना नियम माहीत होता, आदेश वेळेत निघणार नाही हेही माहीत होतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी बोलावलं. म्हणून शिक्का हातात दिला. आणि सरळ शिवण नापास केली, की ती सीट बसमध्ये जाऊ नये, भंगारात जाऊ नये, लिलावात जाऊ नये, इथेच राहावी, खिडकीसमोर. आणि ती एकोणीस वर्षं त्यांना शिव्या घालत होती.

दुपारी घरी येऊन तिने एक उशी शिवली. उरलेल्या रेक्झिनची नव्हे, चांगल्या जाड सुती कापडाची. शिवताना तिला मधेच अर्धी दाढी आठवे, मग अधांतरी कुटुंब, मग दाराकडे चालत गेलेले म्हातारबाबा, आणि ती मशीन थांबवून डोळे पुसे. संध्याकाळच्या आत ती उशी घेऊन वन्संसह तिरकेसाहेबांच्या दारात उभी होती. साहेब आता मुलीकडे राहत. डोळे गेलेच होते जवळजवळ, खिडकीशी खुर्चीत बसले होते.

"मी चौदा नंबर," मावशी म्हणाली.

"पेन्शनचं झालं?" साहेबांनी विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"झालं. साहेब, ती शिवण सरळ होती."

"हो."

"मग त्याच वेळी सांगायचं नाहीत? एवढी वर्षं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही खात्री करायला त्याच दिवशी मोठ्या साहेबांकडे गेला असता. दोनदा. आणि आधी, ज्या दिवशी तुम्ही सोडून गेलात, तेव्हाही सरळच होती. तोंडातून निघून गेलं. सवय. माझ्या सवयीपायी तुमची नऊ वर्षं जाणार होती."

मावशीचे डोळे भरून आले होते आणि त्याच वेळी पोटात हसू उकळत होतं.

"साहेब, एकोणीस वर्षं मी रोज तुम्हाला शिव्या घातल्या."

"ऐकू यायच्या," साहेब म्हणाले. "मशीन थांबवून घालत जा, असं सांगणार होतो. टाका हलतो."

वन्सं भिंतीकडे तोंड करून हलायला लागल्या. मावशीने उशी साहेबांच्या मांडीवर ठेवली. साहेबांनी तिचा कोपरा चाचपला, अंगठा गोटावर टेकवला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेला. मग मान कलती केली.

"तिरकं आहे," ते म्हणाले.

मावशीने मोजपट्टी काढून बघितलं. खरंच तिरकं होतं, अख्खं एक बोटभर, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते उसवून पुन्हा शिवावं असं तिला वाटलं नाही.